मागच्या चाकाची गळती

गोरेगावातून गोंदियाच्या रस्त्याला लागलं, की वस्ती संपता संपता डाव्या हाताला एक टिनाचं शेड होतं. पाटी नाही, नाव नाही. पुढे दोन फाटके टायर टाकलेले आणि मागे लागूनच दोन खोल्यांचं घर. पण देवरीपासून तिरोड्यापर्यंत जुन्या गाड्या हाकणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला ब्रेकचं काम विचारा, तो या शेडाचाच रस्ता दाखवायचा. तिथं ताराचंद मिस्त्री असायचा. माणूस कामाचा पक्का, आणि बोलायला महाकंजूस. गिऱ्हाइकानं चार वाक्यं बोलावीत तेव्हा हा एकदा मान हलवणार. घरातही तीच तऱ्हा. जेवायला बसला की "भात" म्हणायचा, उठताना तेही नाही. पोरगी पिंकी लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा शेजारपाजारच्या बाया हमसून हमसून रडल्या, आणि हा बापमाणूस तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "खिडकीजवळ बस."

ब्रेकची गळती शोधायची त्याची एक रीत होती. गाडी आली की आधी तिला हातच लावायचा नाही. "उभी ठेव," म्हणायचा, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायचा आणि चहा प्यायला निघून जायचा. परत येईपर्यंत कागदावर थेंब पडलेला असायचा. मग उकिडवं बसून तो थेंब बोटावर घ्यायचा. मागच्या चाकातून तेल गळतं ते दोन तऱ्हेचं असतं. एक ब्रेकचं आणि दुसरं क्राऊनचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचं. घाणीत मिसळलं की दोन्ही सारखीच काळी. कच्चे मिस्त्री इथंच फसतात आणि भलतंच काहीतरी खोलून बसतात. ताराचंद बोटावर पाणी टाकायचा. पाण्यासोबत धुऊन गेलं तर ब्रेक ऑईल. चिकटून बसलं आणि नाकाला झोंबणारा वास आला तर क्राऊनचं. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या बोटांना डोळे आहेत.

लोकांना काय ठाऊक! बोटांत अर्धीच विद्या होती. उरलेली अर्धी अल्काच्या पायात होती.

त्याचं असं आहे, की गळती बुजवली म्हणजे काम संपत नाही. नळीत शिरलेली हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही. एकानं कॅबिनमध्ये बसून ब्रेकचं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाखाली झोपून तिथला बारका नट ढिला करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. नट पुन्हा आवळला की मगच वरच्यानं पाय उचलायचा. नट उघडा असताना वरचा पाय जरासा जरी सैल पडला, तर नळी बाहेरची हवा पुन्हा आत ओढून घेते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून खालून हाका द्यायच्या. "दाब." "धर." "सोड." आणि वरून एकच उत्तर यायचं, "धरलं." ते कानावर आल्याशिवाय ताराचंद नटाला पाना लावत नसे.

उत्तर देणारी अल्का म्हणजे त्याची बायको. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हाताखालचा माणूस काम टाकून भिलाईला पळाला आणि गाडी अर्धी खोलून पडली. तेव्हा ताराचंद चुलीपाशी जाऊन म्हणाला, "चल, पाय पायजे." तेव्हा हयात असलेली त्याची आई अनुसयाबाई कडाडली, "भर रस्त्यावर बाईले ड्रायव्हरच्या शिटावर बसवतं का रे? लोक काय म्हनतीन?" लोकांना जे म्हणायचं ते त्यांनी म्हटलं. अल्का पदर खोचून चढली आणि पुढे वीस वर्षं चढत राहिली. तांदूळ निवडता निवडता उठून यायची, दाबायची, धरायची, सोडायची, पुन्हा सुपापाशी जाऊन बसायची. चप्पल खाली काढून अनवाणी दाबायची ती. तळव्याला तिच्या असं काही समजायचं, की वरूनच सांगायची, "अजून लिबलिब करून राहिलं. मागच्या डाव्यात आहे." खोललं की हवा मागच्या डाव्यातूनच निघायची. गाडी घेऊन जाताना ड्रायव्हर मिस्त्रीची तारीफ करायचा आणि मिस्त्री मान हलवून ती एकटाच घ्यायचा. 'हे माझ्या बायकोनं ओळखलं' एवढं कधी त्याच्या तोंडून निघालं नाही. वाईट माणूस नव्हता हो. सुचायचंच नाही त्याला.

सन दोन हजार सहा. त्या वर्षी पोळा सरला आणि अल्काची पाठ दुखायला लागली. धानाच्या रोवणीला वाकून वाकून दुखली असेल म्हणून तिनं बाम चोळला. दिवस कलला की अंग कोमट लागायचं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरली, पिंकी सासरहून आली, "आई, चल व" म्हणून मागे लागली. अल्का म्हणाली, "तुमी जा, माह्ये पाय भरून आले." मंडई कधी न चुकवणारी बाई ती! एकदा आठवडी बाजारातून परत आली तर उजव्या पायात चप्पलच नाही. वाटेत कुठंतरी राहिली होती आणि हिला अंगणात येईपर्यंत पत्ताच नाही. ताराचंद तेव्हा नेमका खुशीत होता. म्हणाला, "उद्या पाय बी इसरून येसीन." अल्काही हसली.

आता हे ऐकून कुणीही म्हणेल, अरे बाबा, एवढं समोर दिसत होतं तर हा झोपला होता काय? झोपला नव्हता. गाडीखाली होता. अल्काच्या पाठीच्या मणक्यात क्षय शिरला होता आणि आतल्या आत पायांकडे जाणारी नस दाबत चालला होता. लवकर कळलं असतं तर गोळ्यांनी बरी होणारी बाई होती ती. हातात वेळ थोडा होता, आणि त्या थोड्या वेळातले चार दिवस धर्मेंद्रच्या ट्रकनं खाल्ले.

धर्मेंद्र हा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर शेती असलेल्या घरातला. तिशीतला, उतावळा, निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी बोलणारा. तीन मालक फिरून आलेला एक म्हातारा सहाचाकी ट्रक त्यानं घेतला होता आणि धानाच्या दिवसांत त्यावर गोंदियाच्या राइस मिलांना पोती टाकत होता. मंडईनंतरच्या एका सोमवारी सकाळी तो शेडासमोर गाडी घासत घासत घेऊन आला.

"मिस्त्री, पायडल सीधा खाली चाललं जाते. दोन दिवसात ऑईलची डबी खाली होऊन राहिली. काल फाटकाजवळ गाडी थांबता थांबेना, जान निकल गई अपनी."

"उभी ठेव," ताराचंद म्हणाला.

कागद अंथरले गेले, चहा झाला. मागच्या डाव्या चाकाखाली कागद भिजला होता. बोटावर पाणी टाकताच तेल धुऊन गेलं. ब्रेक ऑईल. चाक उतरवून ड्रम काढला, आतल्या बारक्या सिलिंडरची रबरी टोपी नखानं उलटवली, तर आतून टपकन तेल सांडलं. आतलं रबर झिजून पार गेलेलं. नवं रबर बसवलं, सिलिंडर घासून गुळगुळीत केला, लायनर धुऊन वाळवलं. दुपारपर्यंत सगळं जागेवर. ताराचंद चाकाखाली आडवा झाला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अल्का!"

ती आली ती भिंत धरून, मग शेडाचा खांब धरून. ताराचंदला चाकाखालून दिसत होती फक्त स्वतःच्या हातातली पान्याची दांडी. कॅबिनची पायरी चढताना तिनं उजवा पाय हातानं उचलून वर ठेवला. हे कुणीच पाहिलं नाही.

"दाब. धर."

"धरलं."

बुडबुडे निघाले. नट आवळला. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. पाच वेळा झालं, दहा वेळा झालं, बुडबुडे काही संपेनात. शेवटी ताराचंदनं स्वतः वर येऊन पायडल दाबून पाहिलं. ओल्या पोत्यावर पाय द्यावा तसं ते मऊ लागलं.

"काऊन व, तुले कसं लागते?"

"समजून नाही राहिलं मले."

"वीस वर्सं समजलं, आता काऊन नाही समजत?"

 आता पहा, सांगितलंच होतं तिनं! चार शब्दांत, जे होतं ते, तोंडावर सांगितलं होतं. ताराचंदला त्या शब्दांत गाडीचा दोष ऐकू आला.

मंगळवारी त्यानं ठरवलं, की चेसिसवरून मागच्या धुरीकडे, म्हणजे चाकांच्या आसाकडे जाणारी रबरी नळी आतून फुटली असणार. ती बदलली. हवा तशीच. बुधवारी धुरीवरचे पितळी पाइप सोडून पाहिले, जोडांमधल्या तांब्याच्या चकत्या नव्या घातल्या, पायडलखालच्या मोठ्या सिलिंडरचं रबर गोंदियाहून मागवून बदललं. प्रत्येक वेळी अल्का वर चढली, प्रत्येक वेळी "धरलं" म्हणाली, आणि प्रत्येक वेळी पायडल मऊचं मऊ. गाडीखालचे कागद मात्र कोरडे ठणठणीत. एक थेंब नाही! गळतीच नाही, तर हवा येते कुठून? ताराचंदच्या डोक्याचा भुगा झाला. जुनं लोखंड त्याच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं.

त्यात धर्मेंद्र दिवसातून दोनदा येऊन डोकं खायचा. "धान उघड्यावर पडून आहे, मिस्त्री. आभाळ पाहा. तुमच्यानं नाही होत त साफ सांगा, मी दुसरीकडे दाखवतो." हे वाक्य ताराचंदच्या जिव्हारी लागलं. आजवर असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

आणि मग एक नवलच झालं. बुधवारी जेवायला बसला तो "भात" म्हणालाच नाही. ताटावर हात तसाच धरून बोलायला लागला. नळी कशी पाहिली, चकत्या कशा घातल्या, कुठला नट त्याला खुपतो आहे, सगळं सांगत सुटला. अल्का समोर पाट सरकवून बसली आणि ऐकत राहिली. मधूनच विचारायची, "मंग?" आणि हा पुढे सांगायचा. शेवटी त्यानं विचारलं, "तुले काय वाटते?" हा प्रश्न त्यानं जन्मात कुणाला विचारला नव्हता. अल्का त्याच्याकडे बघत बसली. ओठ हलले तिचे. मग म्हणाली, "उद्या पाहू. थंडा झाला भात, जेवा."

गुरुवारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा ताराचंदनं डाव बदलला. धर्मेंद्रला पाना देऊन मागच्या चाकापाशी झोपवलं, नट कधी ढिला करायचा आणि कधी आवळायचा ते दाखवलं, आणि स्वतः कॅबिनखाली सरपटत गेला. मोठा सिलिंडर काम करताना डोळ्यांनी पाहायचा होता त्याला. पायडलची दांडी जिथून खाली येते तिथला पत्रा गंजून हातभर गळून पडला होता. खालून पाहिलं की कॅबिनचा तळ उघडाच.

"दाब," तो म्हणाला.

दांडी खाली आली. सरळ नाही आली, थरथरत, हिसके खात आली.

"धर."

"धरलं," वरून आवाज आला.

मागे धर्मेंद्रनं नट सोडला. आणि ताराचंदच्या डोळ्यांदेखत दांडी हळूहळू वर सरकली. नट उघडा होता, बुडबुडे अजून निघत होते, आणि दांडी वर चालली होती. वर "धरलं" म्हणणारी अल्का काहीच धरून नव्हती.

त्यानं मान तिरपी करून भगदाडातून वर पाहिलं. अल्काचा उजवा पाय जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पायडलला बांधलेला होता. घसरू नये म्हणून दोन गाठी मारलेल्या. आणि ती दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली रेटत होती. दात आवळलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आलेला. पाय तिचा नव्हताच जणू. हात थकले की गुडघा वर यायचा आणि त्याच्यासोबत पायडल.

अशा वेळी माणसानं काय करावं? धावत जावं, पाय सोडवावा, छातीशी धरावं. ताराचंद खालून बाहेर आला, दार उघडलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते हे:

"चार दिवस! चार दिवस मी एकेक नट खोलून राहिलो, आन तू वर बसून खोटं धरलं म्हनून राहिली? मले येडा समजली का तू?"

धर्मेंद्र चाकाखालून उठला आणि दुसरीकडे पाहू लागला. अल्कानं घाईघाईनं पदर पायावर ओढला, जणू काही चोरी पकडली गेली. "चुकलं माह्यं," म्हणाली. वाकून तिनं गाठी सोडल्या. खाली उतरताना तिनं दाराला लोंबकळून अंग सोडलं आणि टायरवर बसली. थोड्या वेळानं उठून एकेक खांब धरत घरात गेली.

तेव्हा तरी त्याला समजायला हवं होतं. खरं सांगायचं तर समजलं होतं.  पण गाडी अर्धी खोललेली होती, गिऱ्हाईक ताटकळत होतं, आणि आधी हातातलं काम उरकायचं ही त्याची जन्माची खोड. त्यानं धर्मेंद्रला कॅबिनमध्ये बसवलं. धर्मेंद्रचा दणकट पाय पडला आणि अर्ध्या तासात चारही ब्रेकांच्या नळ्यांतली हवा निघून गेली. पायडल दगडासारखं टणक. सोमवारी बसवलेलं रबर पहिल्या दिवसापासून ठीक होतं. गळती सोमवारीच बंद झाली होती. पुढचे तीन दिवस त्यानं जे जे खोललं, त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

धर्मेंद्र गाडी घेऊन गेला. ताराचंद हात धुऊन घरात आला. अल्का पाय पसरून भिंतीला टेकली होती. तिच्याशी काहीतरी बोलावं म्हणून तो उंबऱ्यात उभा राहिला. "उद्या दवाखान्यात जाऊ," म्हणाला. ती "बरं" म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिला उठताच आलं नाही. उजवा गेलाच होता, डावाही गेला. कमरेखाली चिमटा काढला तर कळत नव्हतं. शेजारच्या छोटेलालच्या जीपमध्ये गादी टाकून तिला गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला आणि त्याच पावली नागपूरला धाडलं. नागपूरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अल्काच्या तळव्याला आपला हात लावला आणि म्हणाल्या, "मावशी, माझा हात ढकला बरं पायानं. जोर लावा." अल्कानं डोळे मिटून जोर लावला. चेहरा लाल झाला तिचा. पायाचा अंगठासुद्धा हलला नाही. ताराचंद पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

"कधीपासून पायात जोर नाही?" बाईंनी विचारलं.

"पाच दिवस झाले," ताराचंद म्हणाला.

"दोन महिने," अल्का हळूच म्हणाली.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो उजेडात धरून दाखवलं, की दोन मणके किडून खाली बसले आहेत आणि त्यांच्या मागची नस चेपली आहे. "पाय नुसता जड झाला होता तेव्हा आणलं असतं तर खूप फरक पडला असता," म्हणाल्या. "आता ऑपरेशन करू, औषधं देऊ. बघू." ऑपरेशन झालं, औषधं वर्षभर चालली, क्षय मेला. पाय काही परत आले नाहीत.

ताराचंदनं तिचं सगळं केलं, हे त्याच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. तिला उचलून न्हाणीत न्यायचा, कूस बदलायचा, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायचा, वेणी घालायला शिकला. पिंकी महिनाभर राहून गेली, तिलाही त्यानं आईच्या कामाला हात लावू दिला नाही. पण हे सगळं मुक्यानं. हात भरपूर बोलायचे, तोंड बंद. आणि पोट तर कुणाला चुकलेलं नाही, त्यामुळे शेडही उघडावं लागलं. पायडल दाबायला तो गोवर्धन नावाच्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरला बोलवायचा. अल्काची खाट शेडाला लागून असलेल्या भिंतीशीच होती. पहिल्या दिवशी ताराचंदनं चाकाखालून "धर" म्हटलं आणि गोवर्धननं तोंड उघडायच्या आधी भिंतीपलीकडून "धरलं" ऐकू आलं. सवयीनं निघालं होतं तिच्या तोंडून. गोवर्धन हसला. ताराचंद बराच वेळ गाडीखालून बाहेर आला नाही. आल्यावर म्हणाला, डोळ्यात तेल गेलं.

त्यानंतर तो हाका द्यायचा थांबला. गोवर्धनला सांगून ठेवलं, लोखंडावर पाना एकदा वाजला की दाबून धरायचं, दोनदा वाजला की सोडायचं.

असे दोन-अडीच महिने गेले असतील. एक दिवस सकाळी तो तिची वेणी घालत होता. बाहेर एक गाडी येऊन लागली होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्नही मारला होता. ताराचंदचा हात मधेच थांबला आणि इतके दिवस छातीत अडकलेलं बाहेर पडलं.

"अल्का, तू सांगतलं काऊन नाही व मले? पाय चालत नाही म्हनून एक शब्द बोलली असती. मी काय मारलं असतं का तुले?"

अल्काची पाठ त्याच्याकडे होती. 

"सांगतलं असतं त तुमी मले खाली उतरवलं असतं," ती म्हणाली. "दुसरा कोनी बसवला असता."

"बसवला असता. मंग? त्यात काय होतं?"

"त्यात काय होतं!" ती जराशी हसली. "अवो, घरात तुमी माह्यासंग कधी बोलता? गाडीखाली गेले का बोलत होते. दाब म्हना, धर म्हना, पन माह्यासंगच होतं ना ते? मले तेवढंच होतं. आन त्या चार दिवसात त किती बोलले तुमी! नळी सांगतली, चकत्या सांगतल्या, मले इचारलं, तुले काय वाटते म्हनून. मी सांगनारच होती तवा. मंग मले वाटलं, आज नको, अजून एक दिवस बोलू द्यावं याले."

ताराचंदच्या हातातली वेणी सुटली. तो खाटेला वळसा घालून तिच्या समोर येऊन बसला. आता बोलायचं होतं त्याला. सगळं बोलायचं होतं. वीस वर्षांचं साठलेलं, आत्तापर्यंत न म्हटलेलं, निदान एक वाक्य तरी. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काही म्हणजे काही येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अल्कानं वाट पाहिली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, त्या बुधवारी जेवताना पाहिलं होतं तशी. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"जा," ती म्हणाली. "गाडी उभी आहे."